चिऱ्यांचे तीन वाफे आणि त्यांत भरलेली माती

१६ फेब्रुवारी २०२५
जागा ठरली. विहिरीच्या पलीकडे, जुन्या गोठ्याच्या जोत्याजवळ. सकाळी नऊपासून चारपर्यंत ऊन लागतं, माडांची सावली त्यानंतर येते. टिकाव मारून पाहिला तर सहा इंचांवर ठण्ण. खाली जांभा, आमचा लाल दगड. वरची माती पावसात चिखल होते आणि शिमग्यानंतर तिला टिकाव पुरत नाही, पहार लागते. दोन वर्षं इथेच सरळ जमिनीत भेंडी लावली आणि दोन्ही वर्षी जुलैत पाणी साचून मुळं कुजली. गुहागर तालुक्यात पाऊस पडायचा तेवढा पडणारच, त्याच्याशी भांडून उपयोग नाही. भाजीच उचलून वर ठेवायची, चिऱ्यांच्या म्हणजे जांभ्याच्या कापलेल्या दगडांच्या उंच वाफ्यांत.

सासूबाई म्हणाल्या, "अगो, त्याला चिरे कशाला, वरंबे ओढ." बरोबर आहे त्यांचं. पण इथे वरंबा ओढायलासुद्धा माती नाही.

२३ फेब्रुवारी
दीडशे चिरे आले. कोपरे उडालेले, त्यामुळे स्वस्तात. टेंपोवाल्याने गडग्याबाहेर उतरवले, आत आणण्यात दिवस गेला आणि माझी कंबरही. चिरा १४ इंच लांब, ९ रुंद, ७ उंच असं सांगतात. प्रत्यक्षात प्रत्येक चिरा आपल्या मर्जीचा.

दोन थर, कोरडी रचाई, सिमेंट नाही. ह्यांना सिमेंट हवं होतं. मी म्हटलं, सांध्यांतून पाणी बाहेर पडू दे, आणि उद्या जागा चुकली असं वाटलं तर चिरे उचलता येतील. (दुसरं कारण खरं.)

रात्री ह्यांनी वाचून दाखवलं. फ्रान्सिस बुकानन नावाच्या साहेबाने मलबारात अंगाडिपुरमजवळ लोक हा दगड ओला असताना विटांसारखा कापतात आणि हवेवर तो कडक होतो असं पाहिलं, आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव लॅटराइट ठेवलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. "जांभा म्हणतात हे त्याला कोणी सांगितलं नाही वाटतं."

२ मार्च
हिशेब. वाफा आतून ९ फूट बाय साडेतीन फूट. रुंदी याहून जास्त नको, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. वाफ्यात पाय पडला की भुसभुशीतपणा गेला. उंची १४ इंच. म्हणजे एका वाफ्यात ३६.७५ घनफूट, तिन्हींत मिळून ११०. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तर सव्वा ब्रासच्या आत. आमचं घमेलं बादलीने मोजलं, १२ लिटर. एका वाफ्याला ८७ घमेली, तिन्हींना २६०. आकडा बघून चहा ठेवला.

माती विकत आणायची नाही असं ठरवलंय. रस्त्याच्या कामावरची 'लाल माती' म्हणून जी टाकून जातात ती निम्मी मुरूम असते.

५ मार्च
माती कुठून आणायची यावरून घरात वाद. भाताचं खाचर दोन वर्षं पडीक आहे, तिथली वरची माती खरवडावी असं मी म्हटलं. सासूबाईंनी ताटावरून हात उचलला. "खाचरातली माती काढायची नाही. ती पिढ्यांची आहे." शेवटी तोड निघाली. खाचराच्या खालच्या अंगाला, बांधाला टेकून, पावसाने वाहून आणलेली माती साचते. ती वाहिलेलीच आहे, ती घ्यायला हरकत नाही. गाळासारखी बारीक, काळपट, वास चांगला.

दुसरी माती डोंगराच्या उताराची, लालभडक. दोन्ही बाटलीत घालून पाहिल्या. एक तृतीयांश माती, बाकी पाणी, जोरात हलवून ठेवायची. मिनिटभरात वाळू खाली बसते, दोनतीन तासांत पोयटा (वाळूहून बारीक कण), चिकणमाती तरंगत राहते ती दुसऱ्या दिवसापर्यंत.

६ मार्च
बांधाची माती: पुस्तकातल्यासारखे तीन थर, वर गढूळ पाणी. लाल माती: अर्ध्या तासात सगळी खाली, पाणी जवळजवळ स्वच्छ. म्हणजे रेताड? पण चिमूटभर ओली करून बोटांत मळत राहिले तर पाचएक मिनिटांनी चिकटायला लागली, वळीसुद्धा वळली. जांभ्याच्या मातीची ही लबाडी आहे. तिच्यातली चिकणमाती लोहाने बांधून बारीक खड्यांसारखी झालेली असते. पाणी वाळूसारखं सोडते, पण ती वाळू नव्हे. बाटलीवर विसंबले असते तर तिच्यात आणखी बारीक माती घालून चिखल करून ठेवला असता.

दोन्हींचा नमुना परीक्षणाला द्यायचा. पाच जागी वीतभर खोल खड्डे, कडेची कापणी, सगळी एकत्र, मग गोल पसरून चार भाग आणि समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवली.

१५ मार्च
शिमगा. पालखी. काम बंद.

१९ मार्च
शेणखत आलं. वाडीतल्या एका गोठ्यातला दोन वर्षांचा उकिरडा, त्यांना जागा मोकळी हवी होती. चाळायला बसले तर तिसऱ्या घमेल्यात अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या, वळवळणाऱ्या, तपकिरी डोक्याच्या. मी "हुमणी!" म्हणून ओरडले, कारण हुमणी मुळं खाते आणि मग वाफा केला काय न केला काय.

सासूबाई काठी टेकत आल्या, वाकून पाहिलं. "ही हुमणी नाही, माडाचा भुंगा आहे. गेंड्या." मग माझ्या लक्षात आलं. गेंड्या भुंग्याची अळी कुजलेलं शेण आणि पाला खाऊन वाढते, जिवंत मुळांना ती काही करत नाही. भाजीला धोका नाही. पण भुंगा होऊन उडाला की सरळ माडाच्या शेंड्यात शिरतो, आणि माड आमचे इथेच, वाफ्यापासून दहा पावलांवर. मी फुकट मिळालेल्या खताबरोबर माडाचा शत्रू घरी आणला होता.

सगळं खत चाळलं. १४३ अळ्या. मोजल्या कारण राग आला होता. शेजारणीच्या कोंबड्यांची चंगळ झाली.

२८ मार्च
अहवाल आला. लाल माती: सामू (pH, सातच्या खाली म्हणजे आम्ल) ५.४, स्फुरद (फॉस्फरस) फार कमी. बांधाची: सामू ५.८, सेंद्रिय कर्ब बरा. अपेक्षितच. चार महिने असा पाऊस कोसळला की चुना, पालाश (पोटॅश) धुऊन जातात, आम्लता उरते, आणि आम्ल मातीत लोह नि ॲल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून बसतात. वरून खत टाकलं तरी त्यातलं बरंच ते गिळतात. म्हणून आधी सामू वर आणायचा, मग खताचं बघू.

उपाय घरातच आहे. न्हाणीच्या चुलीची राख. पाव पोतं साठलंय. वाफ्यामागे दीड किलो पुरे, जास्त घातली तर उलट्या बाजूला जाऊ. राख ताज्या शेणाबरोबर मिसळायची नाही, अमोनिया होऊन नत्र (नायट्रोजन) उडून जातं. तर राख आधी मातीत, पंधरा दिवस थांबून मग शेणखत.

"राब भाजतात ते तू चाळणीने करत्येस," सासूबाई. खरंच की. भाताच्या रोपांच्या जागी कवळ (तोडलेल्या फांद्या) नि पातेरा (वाळका पाला) जाळतात, त्यात तणाचं बी मरतं आणि राखही मिळते.

६ एप्रिल
लाल माती ६० घमेली आणली. वाडीतला एक मुलगा मदतीला. तो म्हणे, काकू, खाडीचा गाळ आणू का, फुकट आहे, काळाभोर. नको रे बाबा. त्यातलं मीठ काढायला एक पावसाळा जाईल आणि तोवर वाफ्यात मिठागर.

१३ एप्रिल
बांधाची माती ५४ घमेली. ऊन. बाकी काही नाही.

२० एप्रिल
राख मिसळून मातीचा ढीग झापाखाली. वर थोडं पाणी मारलं.

आज पातेरा. आंबा, फणस, काजू, सगळ्याचा. काजूचं पान चिवट, फणसाचं त्याहून चिवट. पायाने तुडवून बारीक केला. शिवाय गिरणीतून भाताचं तूस, चार पोती. तूस कुजत नाही लवकर, त्याच्यात काचेसारखी सिलिका असते, त्यामुळे माती मोकळी राहील अशी अटकळ.

सोडणं, म्हणजे नारळाची सालं, घरचीच, माडाखाली डोंगर आहे. तळाशी सोडणांचा थर द्यायचा. उपडी की उताणी यावर पुन्हा सभा भरली. सासूबाईंचं म्हणणं, माडाच्या आळ्यात (बुंध्याभोवतीच्या खड्ड्यात) सोडणं पुरतात ती उताणी, वाटी वर, म्हणजे पाणी धरतात. मी म्हटलं, आपल्याला पावसाळ्यात पाणी धरायचं नाहीय, घालवायचंय. म्हणून एका वाफ्यात उपडी, एकात उताणी, तिसऱ्यात नाहीत. निदान कोण बरोबर ते कळेल.

४ मे
तीन वाफ्यांचं गणित पक्कं केलं.

पहिला: उपडी सोडणं ४ इंच, त्यावर दाबलेला पातेरा ३ इंच, वर एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग तूस आणि अर्धवट कुजलेला पातेरा. हा माझा लाडका. हलका, काळा, केकसारखा.
दुसरा: उताणी सोडणं ३ इंच, वर निम्मी माती, पाव शेणखत, पाव तूस-पातेरा.
तिसरा: सोडणं नाहीत. दर सात घमेली मातीला तीन घमेली शेणखत. माती फुकट म्हणून हा 'गरिबाचा वाफा'. ह्यांनी दिलेलं नाव.

प्रत्येकात करंज पेंड दोन किलो.

११ मे
पहिला वाफा भरला. कोरडं मिसळलं की शेणखताचे गोळे वेगळेच राहतात आणि ओलं मिसळलं की माती लिंपल्यासारखी होते. खूण एकच: मूठ आवळली की लाडू वळला पाहिजे, आणि त्याला टिचकी मारली की फुटला पाहिजे. लाडू वळत नसेल तर पाणी, फुटत नसेल तर उद्या या. ताडपत्रीवर ढीग करून दोन टोकं धरून उलटापालटा करायचा, फावड्याने ढवळण्यापेक्षा हे लवकर होतं.

१७ मे
दुसरा भरला. तिसऱ्याला अजून ३० घमेली कमी. घाई नाही, मृगाला तीन आठवडे आहेत.

२१ मे
घाई होती.

काल रात्रीपासून पाऊस. गडगडाट, वीज गेली, आज दिवसभर तेच. तिसऱ्याची मिसळ ताडपत्रीवर उघडी होती, तिचा रेंदा झाला. पहिल्या वाफ्याच्या सांध्यांतून लाल पाणी वाहतंय. लाल म्हणजे माती, आणि तिच्याबरोबर जे विरघळतं तेही. सांधे मोकळे ठेवण्याबद्दल मी जे काय बोलले होते ते ह्यांनी आज एकदाही बोलून दाखवलं नाही. हे जास्त वाईट.

भिजत भिजत सांध्यांत काथ्या कोंबला. पाणी गाळून जातं, माती अडते. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. वर झावळ्या आणि पेंढा.

२६ मे
मान्सून २४ तारखेला केरळात, २५ला आपल्या राज्यात, आज मुंबईत. बातम्यांत म्हणतात मुंबईत इतका लवकर कधीच आला नव्हता. रोहिणी लागली त्याच दिवशी पावसाळा. मृगाला तीन आठवडे आहेत असं लिहिणारी बाई मीच.

२ जून
जरा उघाड. तिसरा वाफा कसाबसा भरला, ओल्या मातीनेच. हे चूक आहे हे कळत होतं.

१२ जून
वाफ्यांत भात उगवलंय. पहिल्यात आणि दुसऱ्यात, हिरवंगार, दाट, एकसारखं. गिरणीच्या तुसात न भरडलेले दाणे राहिले होते. सासूबाई हसून हसून खाली बसल्या. "लावणीला कधी घेत्येस?" उपटून तिथेच आडवं टाकलं.

भेंडी, पडवळ, काकडी लावली. तिसऱ्यात अळूही.

६ जुलै
पट्टीने मोजलं, चिऱ्याच्या वरच्या कडेपासून माती किती खाली गेली ते. पहिला ३ इंच, दुसरा दीड, तिसरा अर्धा.

तिसऱ्यात भेंडी पिवळी. वरची माती पावसाच्या थेंबांनी लिंपून गेलीय, साय धरल्यासारखी. ओल्यात भरल्याचा परिणाम. काट्याने वरवर फोडली आणि पेंढा घातला. अळूला मात्र हे मानवलंय.

१० ऑगस्ट
पहिल्यातलं पडवळ फिकं पडलं. पाणी झरझर जातं, बरोबर नत्रही जातं. आणि खालचा पातेरा कुजताना उरलेलं तो खातो. शेणाचं पाणी पातळ करून दोनदा घातलं. वेल सावरला, पण बाजूच्या दुसऱ्या वाफ्यातली काकडी काहीही न घालता मांडवाच्या वर गेलीय.

२६ ऑगस्ट
उद्या गणपती. वाफ्यातली काकडी आणि अळू नैवेद्याला पुरतील. एवढंच लिहायला वेळ आहे.

५ ऑक्टोबर
दसरा झाला, मोजणी. पहिला वाफा ५ इंच खाली. दुसरा अडीच. तिसरा १.

पहिल्यात एका कोपऱ्यात हात घालून तळापर्यंत उकरलं. उपड्या सोडणांखाली पोकळ्या होत्या, त्यांत पावसाने माती ओढून नेली. काही सोडणांखाली अजून मूठ जाईल एवढी जागा रिकामी. पातेऱ्याचे ३ इंच म्हणजे आता काळं बोटभर. दुसऱ्यात उताण्या सोडणांच्या वाट्या मातीने भरलेल्या, ओल्या, आणि त्यांत काकडीची मुळं झुपकाच्या झुपका. दाखवायला सासूबाईंना हाताला धरून नेलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे पाहिलं.

सामू कागदी पट्टीने पाहिला, तिन्हींत सहाच्या वर. राखेने काम केलं.

१२ ऑक्टोबर
पाऊस गेल्यात जमा, हवा तापली. सकाळी तिन्ही वाफ्यांना सारखं पाणी घातलं, प्रत्येकी दोन बादल्या. दुपारी तीनला बोट घालून पाहिलं. पहिला दोन इंचांपर्यंत कोरडा, भुसभुशीत, बोटाला काही लागतच नाही. दुसरा खाली ओला. तिसरा, गरिबाचा वाफा, अर्ध्या इंचावर गार. कोकणात वाफ्याला पावसाळा चार महिने निभावायचा असतो आणि पाणी द्यायचं असतं आठ महिने. मी फेब्रुवारीपासून फक्त त्या चार महिन्यांचा विचार केला.

२ नोव्हेंबर
भर घालायचा हिशेब. पहिल्याला ३१ घमेली, दुसऱ्याला १५, तिसऱ्याला ६. पहिल्यात पुन्हा शेणखत-पातेरा घातला तर पुढच्या वर्षी पुन्हा ५ इंच. म्हणून त्यात फक्त बांधाची माती, शेणखत दहात एक. तिसऱ्यात उलट, वरच्या थरात शेणखत आणि थोडं तूस, वाऱ्यावर नीट उफणून. माती हा सगळ्यांत स्वस्त माल म्हणून मी ती पहिल्यात कमी घातली होती. आता तीच ३१ घमेली आणायला बांधाच्या आडोशाला तेवढी उरलेली नाही. यंदा वाहून आलेली १८ भरली. बाकी उताराची लाल.

९ नोव्हेंबर
भर घातली. शेणखताच्या उरलेल्या ढिगात पुन्हा ९ अळ्या.

१६ नोव्हेंबर
लाल माठ, मुळा, मेथी पेरली, दुसऱ्यात वांग्याची रोपं. पहिल्या वाफ्याच्या आतल्या चिऱ्यावर आजच्या मातीच्या पातळीला खिळ्याने रेघ ओढली. मे महिन्यात पुन्हा मोजायचं, आणि तिसरा वाफा या वेळी ३० एप्रिलच्या आत उकरून मोकळा करायचा.